ताट वाढलं म्हणजे आई जेवली असं नाही

पत्र:

"ताई, आई ७९ वर्षांची आहे. बाबा गेल्यावर वर्षभर एकटी राहिली, मग घरात पडली. तेव्हापासून, म्हणजे गेलं दीड वर्ष, ती नाशिकजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. मी डोंबिवलीला असते. आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे महिन्यातून एखाददुसरा रविवार जमतो. जानेवारीत डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कार्डावर वजन ५२ किलो लिहिलंय. जुलैत नेलं तर साडेचव्वेचाळीस. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. आश्रमातले म्हणतात, 'वयोमानाने होतं, त्या जेवतच नाहीत, आम्ही ताट तर वाढतोच.' आईला विचारलं तर म्हणते, 'छान असतं गं जेवण.' वहिनी म्हणाली, अन्नावरची वासना उडाली की आपण ओळखावं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे म्हणून भात, गोड, बटाटा बंद. कवळी सैल झालीय. पाणी पिताना कधी कधी ठसका लागतो. सोमवार, दोन्ही एकादशा, संकष्टी सगळं धरते. मागच्या खेपेला कपाट उघडलं तर मी महिन्यापूर्वी नेलेले सुक्या मेव्याचे लाडू डब्यात तसेच होते. हे वयामुळेच असतं का? की मी तिला घरी घेऊन येऊ?"

(पत्र थोडं कमी केलं आहे. नाव तुमच्या सांगण्यावरून गाळलं आहे.)

उत्तर:

नाही, हे वयामुळे नाही. पुढचं सगळं सावकाश वाचा, पण एवढं आधी ऐकून ठेवा.

सहा महिन्यांत साडेसात किलो, म्हणजे मूळ वजनाच्या १४ टक्क्यांहून जास्त. सहा महिन्यांत १० टक्के वजन न ठरवता उतरलं तर डॉक्टर ते गंभीर धरतात. एका महिन्यात ५ टक्के उतरलं तरीही धरतात. वय वाढतं तसा शरीरातला स्नायू कमी होतो हे खरं, पण ते वर्षानुवर्षांचं काम आहे. जानेवारी ते जुलै इतक्या अवधीत बांगडी कोपरापर्यंत सरकते, त्याला वय म्हणत नाहीत. त्याला कुपोषण म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाटातलं मूल उभं राहतं. स्वच्छ इस्तरीची साडी नेसून पलंगावर बसलेली आजी येत नाही. म्हणून तर ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

कुणी तुम्हाला सांगेल की उंचीच्या मानाने वजन ठीक आहे. तुमच्या आईची उंची दीड मीटरच्या आसपास असेल तर बीएमआय १९.८ येतो, आणि भिंतीवरच्या तक्त्यात १८.५ च्या वर सगळं 'नॉर्मल' असतं. त्यावर समाधान मानू नका. सत्तरीच्या पुढच्या आशियाई माणसांसाठी २० च्या खालचा आकडा कमी धरतात. आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो कुठून कुठे आला.

वहिनींचं वाक्य तुम्हाला टोचलं, मलाही टोचलं. शेवटच्या आजारात, शेवटच्या दिवसांत माणसाची भूक खरोखर मिटते. तेव्हा बळेच भरवू नये, ओठ ओले करावेत, जवळ बसावं. पण ते निदान झाल्यानंतरचं बोलणं आहे. कारण न शोधता 'वासना उडाली' म्हणणं म्हणजे दिव्यात तेल आहे की नाही हे न बघता वात संपली म्हणण्यासारखं आहे. तुमच्या पत्रात मला निदान सहा कारणं दिसतात, आणि सहाही अशी की ज्यांवर काहीतरी करता येतं.

मी आहारतज्ज्ञ म्हणून तीसेक वर्षं दवाखान्यांत आणि नंतर वृद्धाश्रमांत काम केलं. दुपारची बारा ते साडेबारा ही वेळ मला पाठ आहे. घंटा होते. ज्यांना चालता येतं ते टेबलाशी येतात, बाकीच्यांची ताटं खोलीत जातात. वाढणाऱ्या मावशी दोन, माणसं चाळीस. एका आश्रमात मी एका आजींच्या शेजारी बसले होते. कवळी हिरडीला लागत होती म्हणून त्यांनी ती डबीत काढून ठेवलेली. पोळीचा तुकडा मोडायचा, वरणात बुडवायचा, मऊ होईपर्यंत थांबायचं, मग हिरड्यांनी चघळायचा. एका घासाला दीड मिनिट लागत होतं, मी घड्याळ लावून पाहिलं. अर्धी पोळी झाली तोवर मावशी ताटं उचलायला आल्या. "झालं का आजी?" आजींनी समोर बघितलं, बाकी सगळ्यांची ताटं उचलली गेली होती. म्हणाल्या, "हो, झालं की." वहीत नोंद काय झाली? 'जेवण केले.'

त्यात मावशींची चूक नव्हती. त्यांना भांडी घासून दीडच्या बसने घरी जायचं होतं. आणि आजी खोटं बोलत नव्हत्या, त्यांना लोकांना ताटकळत ठेवायचं नव्हतं. आयुष्यभर सगळ्यांची पानं झाल्यावर मागून जेवलेली ही बाई. तिच्यासाठी कुणीतरी थांबलंय, ही गोष्टच तिला सहन होत नाही. तुमच्या आईचं 'छान असतं गं' मी त्याच जातीचं समजते. आणखी एक सवय ह्या पिढीची: पानात टाकायचं नाही. म्हणून मुळातच कमी वाढून घ्यायचं. म्हणजे ताट रिकामं गेलं ह्याचा अर्थ पोट भरलं असा होत नाही.

तुम्ही पत्राच्या मागे आईचा दिवस लिहून पाठवलात ते फार बरं केलंत. सकाळी साखरेविना चहा, साडेआठला अर्धी बशी पोहे किंवा उपमा. बाराला एक कोरडी पोळी, वाटीभर पातळ वरण, दोन घास भाजी. चारला चहा आणि दोन मारी बिस्किटं. सातला वाटीभर खिचडी. मी हे मांडून पाहिलं. सगळं मिळून ६०० ते ७०० कॅलरी, आणि प्रथिनं सोळा-सतरा ग्रॅम. त्यांच्या वयाला किलोमागे रोज साधारण ३० कॅलरी आणि निदान १ ग्रॅम प्रथिन लागतं, आजारपणात त्याहून जास्त. म्हणजे त्यांच्या पूर्वीच्या वजनाला दीड हजार कॅलरी आणि पन्नास ग्रॅम प्रथिनं. कॅलरी निम्म्यापेक्षा कमी जातात, प्रथिनं एक तृतीयांश. आणि हा झाला साधा दिवस. सोमवार, एकादशा, संकष्टी धरून महिन्यातले सात दिवस उपासाचे, त्या दिवशी आश्रमात काय मिळतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी केळं, चहा आणि साबुदाणा मिळतो. साबुदाण्यात प्रथिन नावालाही नसतं.

आता डॉक्टरांकडे न्यायचं ते ह्या कागदासकट न्या. 'अशक्तपणा आहे, टॉनिक द्या' असं म्हणू नका. 'सहा महिन्यांत साडेसात किलो वजन गेलं आहे, कारण शोधायचं आहे' असं म्हणा. ह्या एका वाक्याने डॉक्टरांचं बघणं बदलतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, किडनी, सोडियम-पोटॅशियम, छातीचा एक्स-रे हे बघायला हवं. क्षयरोग म्हाताऱ्या माणसांत खोकल्याशिवायही नुसता वजन उतरवत येतो. कर्करोगाचा विचारही डॉक्टर करतील, त्याने घाबरून तपासणी लांबवू नका.

सगळ्यात आधी मात्र मधुमेहाच्या गोळ्या. कोणत्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. मेटफॉर्मिन असेल तर ती काहींची भूक मारते, तोंडाला धातूसारखी चव आणते आणि वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी करते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर जास्त काळजी वाटते. ५२ किलोच्या, नीट जेवणाऱ्या बाईला बसवलेला डोस आज निम्मं जेवणाऱ्या साडेचव्वेचाळीस किलोच्या बाईला जातो आहे. साखर एकदम खाली जाऊ शकते. पहाटे घाम येणं, गोंधळल्यासारखं होणं, चालताना तोल जाणं असं काही होत असेल तर रविवारची वाट बघू नका, आजच फोन करा. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

ह्याच ओघात पथ्याचं विचारा. ऐंशीच्या घरातल्या, वजन उतरत चाललेल्या माणसाला भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, मीठ कमी असं कडक पथ्य बहुतेक वेळा फायद्यापेक्षा तोटाच करतं. म्हातारपणात आहारावरची बंधनं शक्य तितकी सैल करावीत असं युरोपातल्या वैद्यकीय पोषणतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते, आणि साखरेचं उद्दिष्टही ह्या वयात थोडं सैल ठेवतात. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेलं पथ्य आश्रमाच्या फाइलीत तसंच चिकटून असतं आणि ते काढायचं कुणाला सुचत नाही. डॉक्टरांकडून नवीन लिहून घ्या: भात चालेल, बटाटा चालेल, तूप चालेल. सही-शिक्क्यासकट. आश्रमाला तो कागद लागतो, तोंडी सांगून स्वयंपाकघरात काही बदलत नाही.

कवळी. वजन उतरलं की हिरड्या आणि गाल बसतात, कवळी सैल होते, चावता येत नाही म्हणून खाणं कमी होतं, की वजन आणखी उतरतं. हे चक्र दातांच्या डॉक्टरकडे तुटतं. बऱ्याचदा नवी कवळी लागत नाही, आहे तीच आतून भरून घट्ट करून देतात. तोंडात पांढरा थर किंवा लाल चट्टे आहेत का तेही बघायला सांगा, बुरशी असेल तर साधी औषधं आहेत. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हे मावशींना सांगून या. तुमचे लाडू डब्यात का राहिले ते आता कळलं असेल. सुक्या मेव्याचा लाडू तिला चावता येत नाही, आणि लेकीने इतक्या लांबून आणला म्हणून सांगवत नाही.

ठसक्याकडे दुर्लक्ष करू नका. पाण्याने ठसका लागतो, जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा होतो, मधूनच बारीक ताप येतो, असं असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यायला हवी. ती स्पीच थेरपिस्ट करतात, मोठ्या दवाखान्यात मिळतात. तोवर पलंगावर रेलून काही खाऊ-पिऊ द्यायचं नाही. खुर्चीत ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, घोट लहान, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. माणूस ठसक्याच्या भीतीनेसुद्धा खाणं सोडतो. पाणी कमी पिण्याचं आणखी एक कारण आश्रमात असतं, ते कुणी बोलून दाखवत नाही: लघवीला उठवायला मावशीला हाक मारावी लागू नये. पाणी कमी, म्हणून पोट साफ नाही, म्हणून भूक नाही. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर दिवसभरात सगळं मिळून दीड लिटर तरी द्रव पोटात गेलं पाहिजे. ताक, सार, पेज, दूध, सगळं त्यात धरा.

आणि मन. बाबा गेले, घर सुटलं, चूल सुटली. म्हाताऱ्या माणसाचं नैराश्य रडण्यातून दिसत नाही, ते ताटातून दिसतं. 'भूक नाही', 'कशाला एवढं', पहाटे तीनला जाग येते, टीव्हीवरच्या कीर्तनातही लक्ष लागत नाही. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. डॉक्टरांना हेही सांगा. विसरणं वाढलं असेल तर तेही. स्मृतिभ्रंशात माणूस ताट समोर असून खायला विसरतो.

आता स्वयंपाकघर, जिथे मला सर्वात जास्त आशा आहे. तुमच्या आईला जास्त जेवायला लावायचं नाही. ती जेवढं खाते तेवढ्यातच जास्त घालायचं. वाटीभर पातळ वरणात तीनेक ग्रॅम प्रथिन असतं. त्याऐवजी वाटीभर पिठलं द्या, सहा-सात ग्रॅम मिळतं, चावावं लागत नाही, आश्रमाला परवडतं आणि त्या पिढीला आवडतं. मऊ गुरगुट्या भातावर मेतकूट आणि दोन चमचे तूप. तुपाचा एक छोटा चमचा म्हणजे ४५ कॅलरी, आणि त्याने घास घशाखाली सहज उतरतो. भाजीत, कोशिंबिरीत दाण्याचं बारीक कूट, दोन मोठे चमचे घातलं तर चार ग्रॅम. कपभर दुधात दोन मोठे चमचे दुधाची पावडर ढवळली तर दूध तेवढंच राहतं आणि प्रथिन दुप्पट होतं. नाचणीचं सत्त्व त्यातच शिजवा. मुगाच्या डाळीचं मऊ धिरडं दह्यात भिजवून. अंडं चालत असेल तर एक उकडलेलं, कुस्करून, मीठ-मिरपूड घालून, सहा ग्रॅम. चालत नसेल तर पनीर किसून खिचडीत. चक्का हा माझा आवडता उपाय: दही टांगून पाणी काढलं की थोड्याशा चक्क्यात बरंच काही मावतं, आणि कवळी नसली तरी चालतं. प्रथिनं वाढवायच्या आधी किडनीचा रिपोर्ट तेवढा बघून घ्या. आणि हे सगळं एका दिवसात सुरू करू नका. महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेल्या शरीरावर एकदम भरपूर अन्न आलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक खाली जाऊ शकतं. आठ-दहा दिवसांत हळूहळू वर न्या, डॉक्टरांच्या कानावर घालून.

मऊ आहार म्हणजे मिक्सरमधला आहार नव्हे, हे मात्र बजावून सांगा. मी एकदा एका आश्रमाच्या तक्त्यावर 'मऊ आहार' एवढंच लिहून आले होते. पंधरा दिवसांनी गेले तर पोळी, भाजी, वरण, भात सगळं एकत्र फिरवून राखाडी रंगाचा लगदा वाटीत घातलेला. एक निवृत्त शिक्षक तो डोळे मिटून खात होते. चूक माझी होती, मी काय करायचं ते सविस्तर लिहिलं नव्हतं. तेव्हापासून मी पदार्थांची नावं लिहून देते: खिमट, पिठलं, मऊ भात, लाल भोपळ्याची भाजी, दुधीचा हलवा. वेगवेगळं वाढलेलं, वेगवेगळ्या रंगाचं. डोळ्यांना ओळखू आलं तर तोंडाला पाणी सुटतं.

डोळ्यांवरून आठवलं. मोतीबिंदू असलेल्या माणसाला पांढऱ्या ताटातला पांढरा दहीभात दिसतच नाही. एक आजोबा नेहमी भात टाकून भाजी तेवढी खायचे, सगळ्यांना वाटायचं भात आवडत नाही. गडद रंगाचं ताट दिलं, भात संपायला लागला. हे माझ्या एकटीच्या मनातलं नाही. बोस्टनमध्ये २००४ साली अल्झायमर झालेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी लालभडक ताटवाट्या दिल्या तर त्यांचं खाणं २५ टक्क्यांनी वाढल्याचं नोंदलं आहे. रुग्ण थोडेच होते, पण एका लाल ताटाला खर्च कितीसा येतो. घेऊन जा एक.

रात्रीचं जेवण सातला आणि न्याहारी साडेआठला, म्हणजे मध्ये साडेतेरा तास. अमेरिकेतल्या नर्सिंग होमना, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांना, नियम आहे की रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी ह्यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर नको, ठेवायचं असेल तर झोपताना काहीतरी पौष्टिक द्यायलाच हवं. आपल्याकडे निदान रात्री नऊला कपभर घट्ट दूध मागून घ्या. साखर एकदम खाली नेऊ शकणारी गोळी चालू असेल तर ते अधिकच उपयोगी.

उपासांबद्दल आईशी भांडू नका. सोमवार सोडायला लावणं म्हणजे बाबांसाठी धरलेलं काहीतरी सोडायला लावणं असू शकतं, आपल्याला ते ठाऊक नसतं. उपासाच्या दिवशी राजगिऱ्याची खीर दुधात, दाण्याची आमटी आणि वरीचा मऊ भात, दही, शिंगाड्याची लापशी एवढं आश्रमात होऊ शकतं का ते विचारा. आणि देवाचं नाव घेणारी एखादी वडीलधारी, तिच्या माहेरची, फोनवर म्हणाली की 'आजारी माणसाला उपास लागत नाही, शास्त्रातच आहे', तर आपल्या शंभर सांगण्यांपेक्षा ते एक उपयोगी पडतं.

आश्रमाशी कसं बोलायचं? तुमच्या पत्रात राग आहे, तो मला समजतो. पण व्यवस्थापकांसमोर जाताना तो बाहेर ठेवून जा, कारण तुम्ही निघाल्यावर आईला त्याच माणसांच्या हातचं जेवायचं आहे. तीन गोष्टी मागा. दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच काट्यावर, सगळ्यांचं वजन आणि त्याची वही. फक्त तुमच्या आईचं नको, सगळ्यांचं. मी पैजेवर सांगते, आणखी चार-पाच जणांचं उतरलेलं निघेल. दुसरं, ताट उचलताना किती उरलं ते लिहायचं, पाव, अर्धं, पाऊण. 'जेवण केले' ही नोंद बंद. तिसरं, सावकाश जेवणाऱ्यांना एका टेबलाशी पंधरा मिनिटं आधी बसवायचं आणि त्यांची ताटं सगळ्यांत शेवटी उचलायची. ह्याला पैसा लागत नाही. टेबलावर पातेली ठेवून ज्याचं त्याने वाढून घेतलं, शेजारच्याला आग्रह केला, तर आणखी बरं. नेदरलँड्समधल्या पाच नर्सिंग होममध्ये सहा महिने असं करून पाहिलं, त्याचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. ट्रेमध्ये भरलेली बशी मिळणाऱ्यांच्या तुलनेत एकत्र बसून, घरासारखं वाढून घेणाऱ्यांचं वजन आणि एकूण जगणं जास्त चांगलं टिकलं. आपल्याकडे ह्याला पंगत म्हणतात. आपल्याच आश्रमांतून ती का गेली, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

बहुतेक आश्रम ऐकतात. कितीतरी चालक स्वतःच्या खिशातून भर घालून ते चालवतात, त्यांना फक्त कुणी दाखवून दिलेलं नसतं. पण वजनाची वही मागितल्यावर कुणी अंगावर आलं, आईला त्याबद्दल बोलणी बसली, किंवा जेवणाची मुळातच हेळसांड दिसली, तर गप्प बसू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा टोल फ्री क्रमांक आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. वजनाची कार्डं जपून ठेवा, पुरावा तोच असतो.

आईला घरी आणायचं का? हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत असं मला वाटलं. आजच ठरवू नका. अपराधी वाटतं म्हणून आणलंत तर दिवसाचे दहा तास ती बंद घरात एकटी असेल आणि बाराचं जेवण झाकून ठेवलेलं असेल. तिथे निदान घंटा तरी होते. आणि घरात राहिलं म्हणजे पोट भरतं असंही नाही. २०१७-१८ साली देशभर ज्येष्ठांचं मोठं सरकारी सर्वेक्षण झालं, त्यात साठीच्या वरची सुमारे २७ टक्के माणसं कमी वजनाची निघाली, आणि ती बहुतेक सगळी आपापल्या घरात, कुटुंबात राहणारी होती. सहा आठवडे द्या. तपासण्या, कवळी, पथ्य, ताट ह्यांवर काम करा. आधी वजन उतरायचं थांबेल, मग महिन्याला अर्धा-एक किलो चढलं तरी उत्तम समजा. सहा आठवड्यांनी आश्रम तसाच ढिम्म असेल तर जागा बदला, डोंबिवलीच्या जवळची बघा, जिथे आठवड्याला जाता येईल. तुमचं महिन्यातून एखाददुसरा रविवार येणं हेही तिच्या जेवणातलं एक कमी पडलेलं पोषण आहे. हे दोष म्हणून लिहीत नाही, अंतर खरंच जास्त आहे म्हणून लिहितेय.

येत्या रविवारी साडेअकराला पोचा, जेवणाच्या घंटेच्या आधी. पर्समध्ये शिंप्याची टेप ठेवा. आईला खुर्चीत बसवून, पाय जमिनीवर टेकवून, पोटरीचा सगळ्यांत जाड भाग मोजा. सूज नसताना ३१ सेंटिमीटरच्या खाली आलं तर ते लिहून डॉक्टरांना दाखवा, स्नायू किती गेला ते त्यावरून कळतं. मग तिच्या शेजारी ताट घेऊन बसा. तुम्हीही जेवा, आश्रमातलंच. घाई करू नका, भरवू नका, 'खा ना गं' म्हणू नका. नुसतं बघा, पहिला घास कशाचा घेते, काय बाजूला सारते, कवळी कधी काढते, ठसका कशाने लागतो, मावशी किती वाजता ताट उचलायला येतात. ते जसंच्या तसं मला लिहून पाठवा, पोटरीच्या मापासकट. गोळ्यांची नावंही. आणि लाडवांचा डबा परत आणा, पुढच्या खेपेला त्यातून चक्का न्या.